सूर्य उगवायच्या आधीचं आकाश कसं बघावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. सूर्योदय बघायचा म्हणून मी सगळ्या घराला साडेपाचला उठवलं. चहा, मोजे, लेकाचा हरवलेला एक बूट या सगळ्यातून पॉइंटवर पोचलो तेव्हा सूर्य यायला जेमतेम पाच मिनिटं उरली होती. कठड्याला माणसांची भिंत उभी होती. सूर्य वर आला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि दोन-तीन मिनिटांत त्याच्याकडे बघवेनासं झालं. सासूबाई शाल आवळून म्हणाल्या, "एवढ्यासाठी उठवलंस होय गं? तांबडं तर मघाशीच फुटून गेलं, गाडीत बसलो होतो तेव्हा."

त्यांचं खरं होतं. मी चुकीच्या गोष्टीसाठी उठले होते. सूर्य येतो तेव्हा कार्यक्रम संपत आलेला असतो. खरं बघायचं ते त्याआधीच्या सव्वा तासात. तेव्हापासून मी साताऱ्यात, कधी आमच्या गच्चीवरून, कधी अजिंक्यताऱ्यावरून, कधी बामणोलीला कोयनेच्या काठावरून हे बघत आले आहे. दुर्बीण लागत नाही, पैसे लागत नाहीत, अभ्यासही फारसा लागत नाही. पण चार गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर माझी पहिली दहा-बारा पहाटं वाया गेली नसती. त्या इथे लिहिते.

१. आधी वेळ नीट काढा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. "सकाळी लवकर" ही वेळ नव्हे. आपल्या गावचा त्या दिवशीचा सूर्योदय किती वाजता, हे आधी काढा आणि तिथून उलटं मोजा.

भिंतीवरच्या कॅलेंडरात किंवा पंचांगात सूर्योदय दिलेला असतो, पण तो कोणत्या गावचा आहे ते वर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचा. मुंबईची वेळ धरून नागपूरकर निघाले तर त्यांचा सूर्य सुमारे पंचवीस मिनिटं आधीच उगवून बसलेला असेल. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, असा साधा हिशेब आहे. आमचं सातारा मुंबईच्या चार-पाच मिनिटं पुढे. साताऱ्यात जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या आसपास, तर जानेवारीत सातच्याही पुढे. म्हणजे आळशी माणसानं सुरुवात जानेवारीत करावी. मी तशीच केली.

आता उलटी मोजणी. सूर्य क्षितिजाच्या खाली १८ अंशांवर आला की काळोख पातळ व्हायला लागतो. याला खगोलीय संधिप्रकाश म्हणतात. १२ अंशांवर आला की नाविक संधिप्रकाश सुरू. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे लागतं ती रेघ दिसू लागते, आणि तारेही अजून दिसत असतात, म्हणून जुने खलाशी याच वेळात ताऱ्यांची उंची मोजून आपलं जहाज कुठे आहे ते ठरवायचे. ६ अंशांवर नागरी संधिप्रकाश. दिवा न लावता अंगणातली कामं करता येतात.

आपल्या महाराष्ट्राच्या अक्षांशांवर हे टप्पे साधारण असे पडतात:

- खगोलीय: सूर्योदयाच्या ७२ ते ८० मिनिटं आधी
- नाविक: ४७ ते ५२ मिनिटं आधी
- नागरी: २२ ते २४ मिनिटं आधी

गंमत म्हणजे आपला मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी दोन मुहूर्तांपासून एक मुहूर्तापर्यंत, म्हणजे ९६ ते ४८ मिनिटं आधी. तो संपतो त्याच सुमाराला आपल्याकडे नाविक संधिप्रकाश सुरू होतो. यावरून कृपा करून कोणी "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" छापाचे निरोप पुढे ढकलू नका. हा मेळ आपल्या अक्षांशांवर जमतो, लंडनला साफ कोलमडतो. माझी नणंद तिथे राहते. जूनमध्ये तिथे सूर्य रात्रभर १८ अंशांच्या खाली जातच नाही, त्यामुळे पूर्ण काळोख होतच नाही. परदेशात असाल तर वरचे आकडे विसरा आणि आपल्या गावचे टप्पे वेगळे काढा.

मी पाळते तो नियम एवढाच: सूर्योदयाच्या ७५ मिनिटं आधी जागेवर पोचलेलं असायचं. घरून निघालेलं नव्हे, पोचलेलं.

२. जागा: पूर्व मोकळी हवी, पण पश्चिम त्याहून मोकळी हवी

हे उलटं वाटेल, पण सहाव्या पायरीला पोचलात की पटेल.

पहिल्या चार-पाच वेळा गच्चीच बरी. पूर्वेला समोरची इमारत असली तरी चालते, कारण रंग क्षितिजापासून बरेच वर चढतात. गच्चीची खरी अडचण किल्लीची. आमच्या सोसायटीत किल्ली वॉचमनकडे, आणि पहाटे पाचला गच्ची उघडायला सांगणाऱ्या बाईकडे तो ज्या नजरेनं बघतो ती मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी सेक्रेटरींना एक मेसेज टाकून ठेवा. "तारे बघायला" असं लिहा. "सूर्योदय बघायला" लिहिलंत तर ते म्हणतील, मग सहाला उघडतो की.

डोंगर हवा असेल तर आपल्याकडे काय कमी आहेत? महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३९ मीटरवर आहे, गाडी वरपर्यंत जाते. कळसूबाई १,६४६ मीटर, पण तिथे अंधारात शिड्या चढायच्या, म्हणजे नवशिक्यांचं काम नव्हे. मला विचाराल तर आपल्या गावाजवळची, दिवसा चार वेळा पाहिलेली टेकडीच सगळ्यात चांगली. अंधारात वाट ओळखीची हवी, नजारा ओळखीचा नसला तरी चालेल.

आणि कोकणातली माणसं म्हणतात, "आमच्याकडे समुद्र पश्चिमेला, आम्हाला काय दिसणार?" अहो, तुमच्याकडे जे दिसतं ते आम्हा घाटावरच्यांना दिसत नाही. तेही सहाव्या पायरीत.

सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे तो जूनमध्ये नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. मार्चमध्ये बघून ठेवलेली दोन झाडांमधली झकास फट डिसेंबरात उपयोगाची नाही.

३. महिना आणि हवा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. त्यातही पाऊस नुकताच सरल्यावरचे दिवस, दसऱ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचे, मला सगळ्यात आवडतात. पावसानं धूळ धुतलेली असते, थंडी बोचरी झालेली नसते, आणि कार्तिकातल्या काकड्याचे सूर खालच्या वाडीतल्या देवळातून वर येतात.

डिसेंबर-जानेवारीत आकाश वर स्वच्छ असतं, पण शहराजवळ धूर आणि धुकं जमिनीलगतच्या थंड हवेत, वरच्या उबदार थराखाली अडकून बसतं. क्षितिजाजवळचा पट्टा मळकट दिसतो. उंचावर गेलात तर त्याच्या वरून बघता येतं. एप्रिल-मे धुळीचे. पावसाळ्यात नाद सोडा, पण सलग पावसानंतर एखादी पहाट अचानक उघडी मिळाली तर अंथरुणातून उडी मारून उठा. तसं धुतलेलं आकाश वर्षातून दोन-चारदाच मिळतं.

ढगांबद्दल एक. नवीन माणूस म्हणतो, आकाश निरभ्र हवं. पूर्ण निरभ्र आकाश शांत असतं, सुंदर असतं, पण रंगांचा खरा दंगा हवा असेल तर उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ हवेत. ते इतके वर असतात की आपण अंधारात असतानाच त्यांना ऊन लागतं. खालचे जाड ढग पूर्वेला असले तर मात्र परत झोपा.

४. सोबत काय घ्यायचं

- उबदार कपडे, वाटतात त्यापेक्षा एक थर जास्त. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास असतं. पहिल्यांदा डिसेंबरात मी एका शालीवर गेले आणि आकाशापेक्षा घड्याळ जास्त पाहिलं.
- बसायला जाड सतरंजी किंवा प्लास्टिकची चटई. दगड गार असतो आणि गवत दवानं ओलं.
- विजेरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबरबँडनं लावलेला. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एका क्षणात ती मेहनत घालवतो. लाल उजेडानं तेवढं नुकसान होत नाही.
- काठी. सापासाठी, कुत्र्यांसाठी आणि गुडघ्यासाठी.
- थर्मासमध्ये चहा.
- ओळखपत्र, आणि गाडी असेल तर लायसन्स, गाडीचं पुस्तक, विमा आणि पीयूसी. पहाटे साडेचारला नाकाबंदीत "कुठे निघालात?" याचं उत्तर "आकाश बघायला" असं दिलं की कागद हमखास मागतात.
- वनखात्याच्या हद्दीत जाणार असाल तर परवानगी किंवा प्रवेशाची पावती. गडाचा दरवाजा किंवा घाटातलं फाटक किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन विचारा. इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबून मी एकदा बंद फाटकासमोर पन्नास मिनिटं गाडीत काढली आहेत.

मोबाइल न्या, पण त्याचा उजेड अगदी कमी करून ठेवा. तारे ओळखायला मदत हवी असेल तर स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर घरी कॉम्प्युटरवर आदल्या रात्री बघा आणि कागदावर नकाशा काढून न्या. तिथे उभं राहून पडद्यात डोकं घातलंत तर वरचं काहीच दिसणार नाही.

५. पोचल्यावर: काळोखापासून उजाडण्यापर्यंत

शास्त्रातले तीन टप्पे वर सांगितले. पण सासूबाईंकडे त्याहून जास्त शब्द आहेत. त्यांचं माहेर माण तालुक्यातलं. लहानपणी घरात घड्याळ नव्हतं आणि पहाटेच्या कामांच्या वेळा आकाशावरून ठरायच्या. मी त्यांचेच शब्द वापरते, कारण ते जे दिसतं त्याला चिकटून आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीचा, साडेसहाच्या सूर्योदयाचा दिवस धरू.

*पाच ते सव्वापाच: अजून रात्रच.* आधी आकाशाला नीट बघून घ्या, म्हणजे पुढे काय काय पुसलं जातं ते कळेल. या दिवसांत मृग नक्षत्र डोक्यावरून पश्चिमेकडे कललेलं असतं. त्याच्या खाली डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला, व्याध लखलखत असतो. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. त्याच्याही खाली, दक्षिण क्षितिजाच्या थोडं वर, अगस्त्य. पुनर्वसूचे दोन तारे माथ्यावर आणि पूर्वेला मघा. जानेवारीत गेलात तर हे सगळं बदललेलं असेल: उत्तरेला सप्तर्षी उंच, डोक्याच्या आसपास चित्रा आणि स्वाती, आग्नेयेला लालसर ज्येष्ठा. तुटणारे तारेही याच वेळी जास्त दिसतात, कारण पहाटे आपली बाजू पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेला तोंड करून असते.

*सव्वापाच ते पावणेसहा.* इथे कान आणि डोळे दोन्ही फसतात. पूर्वेला काही बदललंय असं वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. युक्ती अशी की पूर्वेकडे टक लावून बघू नका. जरा बाजूला बघा. डोळ्याच्या कडेला अंधुक उजेड लवकर कळतो. बारीक तारे क्षितिजाजवळून नाहीसे व्हायला लागतात. सासूबाई याला "कोंबड्याची वेळ" म्हणतात. आमच्या कॉलनीत कोंबडे नाहीत, पण उन्हाळ्याच्या तोंडाला दयाळ पक्षी याच सुमाराला गायला लागतो, आणि कोतवाल तर कधीकधी त्याच्याही आधी.

*पावणेसहा ते सहा: झुंजुमुंजू.* हा शब्द ज्यानं कोणी केला त्याला माझा नमस्कार. उजेड आहे म्हणावा तर नाही, अंधार म्हणावा तर समोरच्या झाडाची फांदी न् फांदी आकाशावर कोरलेली दिसते. झाडाचा आकार दिसतो, पण पान हिरवं दिसत नाही, कारण डोळ्यांचं रंग ओळखणारं काम अजून नीट सुरू झालेलं नसतं. माथ्यावरचं आकाश आता काळं राहिलेलं नाही, ते गडद निळं आहे. दिवसाच्या निळ्यापेक्षा हा निळा वेगळा असतो. दिवसाचा निळा हवेनं विखुरलेल्या उजेडाचा. या वेळचा मुख्यतः ओझोनमुळे. सूर्याचे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतून खूप लांबचा तिरका प्रवास करून येतात आणि वाटेत ओझोन त्यांच्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. उरतो तो हा निळा. नीळ घातलेल्या पाण्यासारखा.

मला स्वतःला ही पंधरा मिनिटं सगळ्यात प्रिय. या वेळी बोलू नका. चहाही नंतर.

*सहा ते सव्वासहा: तांबडं फुटतं.* पूर्वेला तळाशी विटकरी-तांबडी रेघ, तिच्यावर नारिंगी, मग पिवळं, आणि पिवळं निळ्यात मिसळतं तिथे थोडीशी हिरवट झाक. हवा स्वच्छ असेल तरच ती दिसते; मी तिला शोधत बसते. क्षितिजाजवळचा उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो, त्यात निळा आधीच विखरून गेलेला असतो म्हणून तांबडं उरतं. तारे आता भराभर विझतात. शेवटी कोण राहतं याची पैज लावा. ऑक्टोबरात व्याध जिंकतो, शुक्र असेल तर पैजेत मजा नाही.

*सव्वासहा ते साडेसहा: फटफटतं.* दगडाचा, कपड्याचा, शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग दिसायला लागतो. तंतुमेघ असतील तर ते आता पेटतात, आधी गुलाबी, मग केशरी. फटफटणं आधी की तांबडं फुटणं आधी, यावर आमच्या घरात वाद आहे. माझी आत्या म्हणते, आधी फटफटतं. सासूबाई म्हणतात, त्यांच्याकडे पूर्वेला डोंगर असेल म्हणून. मला हे उत्तर इतकं शास्त्रीय वाटलं की मी सासूबाईंच्या बाजूनं आहे.

६. आता पाठ फिरवा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सूर्योदयाच्या सुमारे वीस मिनिटं आधी, सगळे लोक पूर्वेकडे माना वळवून उभे असतील तेव्हा, तुम्ही पूर्वेकडे पाठ करा.

पश्चिमेला क्षितिजाला टेकलेला एक राखाडी-निळा पट्टा दिसेल. ढग किंवा धुकं समजून लोक तो सोडून देतात. ती पृथ्वीची सावली आहे. आपण ज्या गोळ्यावर उभे आहोत त्याची सावली समोरच्या हवेवर पडलेली असते. चंद्रग्रहणात चंद्रावर पडते तीच ही. फक्त तिच्यासाठी ग्रहणाची वाट बघावी लागत नाही.

त्या निळ्या पट्ट्याच्या वर गुलाबी पट्टा असतो. सूर्याची तांबूस किरणं आपल्या डोक्यावरून पुढे जातात आणि तिकडच्या हवेवरून उलटी आपल्याकडे येतात, त्याचा तो रंग. इंग्रजीत त्याला बेल्ट ऑफ व्हीनस म्हणतात, पण शुक्र ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. नाव रोमन देवतेच्या कमरपट्ट्यावरून आलं आहे. मला त्यात लुगड्याचा काठ दिसतो: खाली निळा, वर गुलाबी, आणि वर पसरलेलं फिकं आकाश.

जागचे हलू नका. सूर्य जसजसा वर येतो तसतशी सावली खाली सरकते. साताऱ्यातून यवतेश्वरच्या सपाट माथ्यावर ती टेकलेली दिसते, मग माथ्याआड बुडत जाते, आणि गुलाबी पट्टा तिच्यामागून उतरतो. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलेलं वाक्य. ते प्रत्यक्ष घडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून.

म्हणून कोकणातल्यांना म्हणते, तुमची जागा सर्वात चांगली. पश्चिमेला सपाट समुद्र, मध्ये ना इमारत ना डोंगर. सावली थेट पाण्यात उतरताना दिसते. दापोलीच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर मी हे पाहिलं तेव्हा अख्ख्या किनाऱ्यावर मी आणि जाळी आवरणारे दोन दादा एवढेच होतो. पर्यटक सगळे हॉटेलात झोपलेले, कारण "इथे सूर्यास्त बघायचा असतो". हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही लोक संध्याकाळीच जातात. एकदा पहाटे जाऊन बघा.

७. तिथी बघून जा

हा प्रकार मला उशिरा उमगला. आकाश तेच, पण तिथीप्रमाणे पहाट बदलते.

शुद्ध पक्षात, साधारण एकादशीपर्यंत, चंद्र पहाटेच्या आधीच मावळलेला असतो, म्हणून पहाट काळीभोर मिळते. गावाच्या उजेडापासून लांब गेलात तर सप्टेंबर ते नोव्हेंबरात सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी पूर्वेला एक फिका, तिरका, शंकूसारखा उजेड दिसतो. ही खोटी पहाट. ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीतल्या धुळीवर पडलेलं ते ऊन असतं. बामणोलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो पलीकडच्या गावाचा उजेड वाटला. नकाशात बघितलं तर पलीकडे गाव नव्हतंच. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे, २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली.

वद्य द्वादशी ते चतुर्दशी या पहाटे पूर्वेला चंद्राची बारीक कोर असते. नीट बघा: कोरीच्या आतला काळा भागही अंधुक दिसतो. त्यावर पडलेला उजेड पृथ्वीवरून परतलेला आहे.

पौर्णिमेच्या रात्रीनंतरची पहाट पश्चिमेची. पूर्ण चंद्र मावळायला टेकलेला असतो, आणि बरोबर त्या गुलाबी पट्ट्यात. कोजागरीला दोनपर्यंत जागून मसाला दूध पिऊन झोपणाऱ्या मंडळींनो, अजून तीन तास थांबा की.

शुक्राची चांदणी कायम पहाटे नसते. ती काही महिने पहाटे, काही महिने संध्याकाळी, आणि हे चक्र ५८४ दिवसांचं. शुक्र २४ ऑक्टोबर २०२६ ला पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये येतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पहाटे पूर्वेला दिसू लागेल आणि जानेवारी २०२७ च्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वात लांब, सुमारे ४७ अंशांवर असेल. त्या हिवाळ्यात सुरुवात करणाऱ्यांचं नशीब थोर.

कोणाची सोबत हवी असेल तर जवळच्या आकाशप्रेमी मंडळाची चौकशी करा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे.

८. फोटो काढायचेच असतील तर

आधी दोन पहाटा फोटो न काढता बघा. मग काढा.

मोबाइलचा नाइट मोड झुंजुमुंजूची दुपार करून टाकतो. तो बंद ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. रंगाचा समतोल स्वयंचलित असेल तर कॅमेरा सगळा निळा "दुरुस्त" करून पांढरट करतो. तो दिवसाच्या उजेडाच्या सेटिंगवर पक्का करा. फ्लॅश आदल्या रात्रीच बंद करा, कारण तिथे तो एकदा चमकला की शेजारचे लोक तुम्हाला वर्षभर लक्षात ठेवतात. तिवई नसेल तर कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून कठड्यावर ठेवा, त्यावर मोबाइल टेकवा, टायमर लावा. काचेवर दव बसतं, रुमाल खिशात हवा.

९. फसण्याच्या आणि घाबरण्याच्या जागा

बाई म्हणून सांगते: एकटीनं अनोळखी टेकडीवर अंधारात जाऊ नका. गच्ची किंवा अंगण एकटीनं, डोंगर तिघी-चौघींनी. कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार ते घरी सांगून ठेवा. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला येणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातल्याच दोन काकूंबरोबर जाते.

घाटात पहाटे गाडी हळू. आमच्याकडे कास-महाबळेश्वरच्या रस्त्यांवर गवे रस्त्याच्या मध्ये उभे असतात, आणि धुक्यात ते अगदी जवळ आल्यावरच दिसतात. हॉर्न न वाजवता दिवे मंद करून थांबा, ते आपणहून जातात.

गडांच्या कड्यांना आग्या मोहोळ असतात. शेकोटी, धूर, अत्तर, मोठ्यानं आरडाओरडा यातलं काहीही नको.

कड्याच्या टोकावर अंधारात बसू नका. उजाडल्यावर आपण कुठे बसलो होतो ते दिसतं आणि पाय लटपटतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

दुर्बीण नेली असेल तर सूर्योदयाच्या पाच मिनिटं आधी पिशवीत घाला. हवेमुळे किरण वाकतात, त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात वर यायच्या सुमारे दोन मिनिटं आधीच त्याची कड दिसते. दुर्बिणीतून सूर्याकडे बघितलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

आणि पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही, ढग आले, झोप अनावर झाली, तर चिडू नका. मुलांवर तर नकोच. माझ्या लेकाला मी सलग तीन रविवार उठवलं आणि तिन्ही दिवस ढग होते. आता तो येत नाही. फक्त किल्ली वॉचमनला परत द्यायचं काम त्याच्याकडे आहे, तेही आठनंतर.